सोल्यूशन सुकेपर्यंत

कुणाचं आयुष्य आपण लिहावं, एवढी माझी लायकी नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, निबंध लिहितानाही हात अडखळतो. चुकलं असेल ते माझं समजावं. टोकरखाडा या आमच्या वस्तीत शेजारी पुंडलिकमामा राहतात. बुटांच्या कारखान्यात ते तळवे चिकटवतात. ते बोलले, मी लिहीत गेलो.

आम्ही शहाद्याकडले, बेटा. गावात चिकटवायचं म्हणजे काय, पतंगाला पिठाची खळ, नाहीतर बाभळीचा डिंक. इकडे आलो तेव्हा आधी जवळच्या अथाल गावात सुताराकडे कामाला राहिलो, तिथं पांढरा गोंद पाहिला, लाकूड त्यातलं पाणी पिऊन घेतं अन् गोंद आत धरून बसतो. पण रबर काही पीत नाही ना, म्हणून बुटाचं सोल्यूशन निराळं, काय सांगू तुला, दोन्ही बाजूंना लावायचं अन् थांबायचं, त्यातलं थिनर उडून जायला पाहिजे, घाईनं दाबलं तर तळवा चार दिवसांत तोंड उघडतो, बोटाची पाठ लावून पाहायची, चिकटली नाही की मग दाबायचं, सोल्यूशनला सोल्यूशन धरतं, मग सुटत नाही.

तुझी मंगलमामी माझ्याच टेबलावर होती. हात असा सफाईचा, सुपरवायझर म्हणे पुंडलिक, तुम घर बैठो, भाभी अकेली बस है. ती म्हणे चालेल, पण आधी यांना स्वयंपाक शिकवा. तर बाहेरून धूळ यायची, ओल्या सोल्यूशनवर बसली की माल परत, म्हणून खिडकी मीच लावून घेतली, पंखाही बंद, कुणी सांगितलं नव्हतं, मीच. मी माल घेऊन आतबाहेर करायचो, ती दिवसभर आतच. म्हणायची अहो, डोकं धरतं, जरा उघडा ना. मी म्हणायचो सवय होईल. सवय झाली. मग एक दिवस चप्पल पायातून निघून वाटेत राहिली अन् हिला कळलंच नाही, एका पायानं अनवाणी घरी आली, आम्ही हसलो, बेटा, दोघंही हसलो. मग जिना चढवेना, मग उभंच राहवेना. डॉक्टर म्हणे थिनरच्या वाफेनं पायाच्या नसा गेल्या, तू कुठे होतास. मी म्हटलं साहेब, तिच्या शेजारीच.

आता ती माहेरी आहे. सुरतेला नसा तपासल्या, त्याच्या रिपोर्टची वाट पाहत होतो, ती रोज फोनवर विचारते आलं का काही, चालता येईल ना मला.

आत्ता तुझ्यासमोर फोन आला तो सुरतेचाच. म्हणे या पायांवर ती उभी राहायची नाही, चाकाच्या खुर्चीचं बघा. मी बरं म्हटलं. आता थोड्या वेळानं ती फोन लावेल, जेवलात का विचारेल, अन् मग तेच विचारेल.