हौसाचा रोल

सरका शेकोटीजवळ. ऐका, आन् मधी कुणी खोकू नका.

आपल्या गावात सोपान गुरव म्हणून फोटोवाला होता. जत्रेत पडदा लावून फोटो काढायचा. लई चिकट! रोल पुरा भरल्याबिगर धुवायला द्यायचाच न्हाई. एका जत्रेत त्यानं आपल्या लेकीचा, हौसाचा, एक फोटो घेतला. आठवड्यात पोर तापानं गेली. तिचा दुसरा फोटो न्हाई! आन् रोल अर्धाच भरलेला. सोपानला वाटायचं, रोल कॅमेऱ्यात हाय तवर पोर घरात हाय. वर्षं गेली. काळ्यापांढऱ्या रोलची मुदत कवाच सरली, तरी ह्यानं हात लावला न्हाई.

मग त्याची बायको अनशी अंथरुणाला खिळली. म्हणाली, "अवो, पोरीचं तोंडच आठवंना मला. मरायच्या आधी एकदा दावा की."

सोपान रातीच निघाला. पहाटेची तालुक्याची एसटी खिंडीपलीकडं. खांद्याला कॅमेरा, हातात बॅटरी.

खिंडीत चकवा हाय, ठावं हाय न्हवं? बाभळ मागं टाकली, पुढं गेला, तर म्होरं तीच बाभळ! वाट बदलली. पुन्ना तीच! मग मागनं हाक आली, "फोटोवाले, आमचा बी एक काढा की." वळून बघतोय तर कुणी न्हाई. सोपान पळाला. पळतोय, पळतोय... आन् ऐका, कॅमेऱ्याच्या आतनं आवाज आला.

"बाबा, आत लई अंधार हाय. दार उघडा."

हौसाचाच आवाज! आरं, उजेड लागला की रोल गेला, हे त्याला ठावं नव्हतं व्हय? समदं ठावं होतं! पण लेकरू रडतंय म्हटल्यावर बाप काय करंल? उघडलं दार. बॅटरी मारली. "हौसे, हौसे" करत अख्खा रोल वढून काढला.

आत कुणी नव्हतं. म्होरल्या अंधारातनं आवाज आला, "बाबा, मी हितं." त्यानं पाऊल उचललं, तवर पलीकडं एसटीचा हॉर्न वाजला. चकवा सुटला. बघतोय तर पाय दरीच्या तोंडावर!

जीव वाचला. कशाला वाचला, द्येव जाणं.

तरी येड्या आशेनं त्यानं रोल तालुक्याला धुऊन आणला. सबंध काळा. अनशीनं पट्टी कंदिलापाशी धरली, वरनं बोट फिरवलं. म्हणाली, "एवढ्या अंधारात बसलीय व्हय माझी पोर? एकलीच?"

त्याच राती अनशी गेली. तिचा बी फोटो न्हाई.

म्हणून सांगतो, दिस बुडाल्यावर खिंडीची वाट धरू नका. धरलीच, तर आपल्या माणसाच्या हाकेला वळू नका.

वळाल. मला ठावं हाय, तुमी वळालच.