बाबांचे वापरलेले बूट

...आणि वर तो कस्टमचा साहेब बाबांना म्हणतो काय, तर जुने आहेत म्हणूनच अडवलेत, नवे असते तर कधीच सोडले असते! आता बोला. ज्या एका शब्दासाठी मी एवढा... थांबा, थांबा. आधी माफी मागायची राहिली. हे मी कागदावर लिहून आणलंय आणि माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतील. मी वाचूनच दाखवणार, म्हणजे तुम्हाला त्या ऐकू येणार नाहीत, पण आहेत, तेव्हा सांगून टाकलेलं बरं. शब्दही साधेच आहेत, मोठे मला येत नाहीत. आणि मान वर करून बघितलं नाही तर राग मानू नका, लाजतो मी. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. फॉर्मवर मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही.

तर मी राहतो परदेशात, काम भिंती रंगवायचं. दिवसभर शिडीवर. बाबा तिकडे घरी, शिंपी आहेत, पायाने चालवायच्या मशीनवर अख्खा जन्म गेला. आता बाबा म्हणजे कसे, तर कधी काही मागणार नाहीत. फोनवर विचारलं, बाबा काय पाठवू, की ठरलेलं उत्तर, 'काही नको, तू जेवतोस ना वेळेवर?' जेवतो. 'मग झालं.' ठेवला फोन. त्यांच्या उजव्या तळपायाला कुरूप झालंय, डॉक्टरांनी मऊ बूट घालायला सांगितलेत, हेसुद्धा मला ताईकडून कळलं. ताई म्हणाली, तिकडे चांगले मिळतात म्हणे, बघ ना. आणि तिने काय केलं, बाबांचा पाय कागदावर ठेवला, पेन्सिलीने भोवती कड काढली, कुरुपाच्या जागी फुली मारली आणि फोटो पाठवला.

तुम्हाला सांगतो, तो फोटो घेऊन मी बुटांच्या दुकानात गेलो तेव्हा माझे कान लाल झाले होते. दुकानदाराला वाटलं मला फुली मारलेलं काहीतरी हवंय. शेवटी समजलं त्याला. मऊ, करड्या रंगाचे, म्हाताऱ्या माणसांचे असतात तसले बूट काढले, आणि उजव्या बुटाच्या आतल्या गादीला बरोब्बर त्या फुलीच्या जागी एक छोटा खळगा कापून दिला. म्हणजे कुरुपावर भार नको. माणूस भला होता. माप माझंच सांगितलं मी, कारण बाबांचा आणि माझा पाय सारखा. हे आधी माहीत नसतं तर किती बरं झालं असतं!

पोस्टात गेलो. खिडकीत एक बाई, चष्म्याला दोरी. काय आहे? म्हटलं बूट. कुणाचे? बाबांचे. बाबांचे बूट तुमच्याकडे कसे? म्हटलं ते अजून बाबांचे झालेले नाहीत, व्हायचे आहेत. मागे रांग. बाईंनी पुढचं विचारलं, नवे की वापरलेले? आणि इतक्या सरळ प्रश्नाला मी काय म्हणालो असेन? म्हणालो, विचारून सांगतो. आणि खोका उचलून घरी आलो.

विचारलं कुणाला? मामांना. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, आमच्या खोलीतले सगळ्यांचे मामा, कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी आहेत आणि त्यांना सगळं माहीत असतं. मामा म्हणाले, "येड्या, नवे लिहिलंस की तिकडे ड्यूटी लागते, आणि ती भरतो कोण? घेणारा. म्हणजे भेट तू पाठवायची आणि भुर्दंड वडिलांच्या डोक्यावर. जुने लिही. वापरलेले." म्हटलं, मामा, पण ते नवे आहेत. "मग कोण बघायला जातंय?"

कोण बघायला जातंय हे मामांना ठीक आहे. मला नाही जमत हो. मी खोटं लिहायला घेतलं की पेन अडतं, कान लाल होतात, त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंना लांबून कळलं असतं. रात्रभर... नाही, रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत विचार केला. आणि मग सुचलं. फॉर्मवर वापरलेले लिहायचं, आणि खोटंही लिहायचं नाही, तर मग बूट वापरायचे! किती सोपं!

पण किती वापरले म्हणजे वापरलेले, सांगा बरं? मामा म्हणाले, एकदा पाय घातला की झालं. मी घातले, कॉटपासून दारापर्यंत गेलो, दारापासून कॉटपर्यंत आलो, तळ उलटा करून बघितला, तर आरशासारखा चकाचक. याला वापरलेले म्हणवेना. मग जिना उतरून चढलो. तरी नाही. मामा म्हणाले, तू बूट पाठवतोयस की त्यांची परीक्षा घेतोयस? शेवटी दुसऱ्या दिवशी ते घालून सरळ कामावर गेलो. एकच दिवस. म्हणजे ठरवलं तरी एकच होतं.

आता इथे मला जरा अवघड जातंय, तुम्ही खाली बघा थोडा वेळ.

तुम्ही शिडीवर उभे राहिलायत कधी दिवसभर? ती लोखंडाची पायरी असते ना, ती संध्याकाळपर्यंत तळपायातून आरपार येते. माझे कामाचे बूट म्हणजे पत्र्याचे डबे. आणि हे बाबांचे... काय सांगू? कुणीतरी तळपायाखाली हात धरलाय असं वाटायचं. संध्याकाळी घरी आलो तर पाय माझेच आहेत यावर विश्वास बसेना. तर झालं काय, दुसऱ्या दिवशी सुट्टी, पोस्ट बंद. तिसऱ्या दिवशी पोस्ट उघडं, पण डाव्या बुटावर रंगाचा थेंब पडला, तो काढल्याशिवाय कसे पाठवणार? तो काढेपर्यंत दुसरा पडला. मग मुकादमांनी लांबच्या इमारतीवर पाठवलं, तिथून पोस्ट आडबाजूला. मामा रोज माझ्या पायाकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय, झाले का जुने?" म्हणायचो, होतायत.

फक्त एक होतं. तो खळगा. माझ्या पायाला कुरूप नाही ना, त्यामुळे उजवं पाऊल टेकलं की त्या जागी पोकळ लागायचं. बाकी सगळा बूट म्हणायचा, ये बाबा, आराम कर, आणि तो एवढासा खळगा म्हणायचा, तू कोण? प्रत्येक पावलाला. तरी मी चालतच होतो.

मग एकदा ताईचा फोन. म्हणाली, बाबा हल्ली मशीन डाव्या पायाने चालवतात, उजवा टेकवतच नाही. टाके वाकडे पडतात म्हणून परत उसवतात आणि परत घालतात. बूट निघाले का रे? मी उभा होतो शिडीवर. पायात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, निघतायत. आता हे बोललो मी, ते कबूल. पण मी फॉर्मचं म्हणतोय. फॉर्मवर खोटं एक अक्षर लिहिलं नाही.

त्याच दिवशी मुकादमांना सांगून खाली उतरलो, पुसले, पोस्टात गेलो. बाईंनी विचारलं, नवे की वापरलेले? मी असा छाती काढून म्हणालो, वापरलेले! बाईंनी तळ बघितला आणि म्हणाल्या, दिसतंय.

तर तिकडे अडकले. का? तर वापरलेली पादत्राणे बाहेरून येताना फवारणी केल्याचा दाखला लागतो, रोगराई येते म्हणे! नवे असते तर? किरकोळ भेट म्हणून सोडले असते. मामांना सांगितलं तर मामा म्हणाले, असं का, मला कपड्यांचं माहीत होतं.

बाबांना बोलावणं आलं. ज्या माणसाला पाय टेकवत नाही, तो माणूस मऊ बूट आणायला कस्टमच्या ऑफिसात, लांब, जिना, लिफ्ट बंद. एकदा गेले तर साहेब जेवायला गेलेले. परत गेले तर दाखला दुसऱ्या ऑफिसात मिळतो. तिकडे गेले, फवारणी करून घेतली, परत आले. ताई सोबत होती, तिने सगळं फोनवर सांगितलं, साहेबाचा आवाज काढून सांगितलं. साहेबाने बूट टेबलावर ठेवले, लांबून, पेन्सिलीने ढकलत, आणि म्हणाला, "आजोबा, हे असले झिजलेले बूट मुलाने परदेशातून पाठवले? त्याला नवे नाही मिळाले?" बाजूची माणसं हसली म्हणे. बाबांनी बूट हातात घेतला, उलटा केला. ताई म्हणाली, बराच वेळ बघत होते. आत हात घातला, बोटांनी चाचपलं. आणि मग साहेबाला म्हणाले, "ही डावी टाच बघा. पोरगा लहानपणापासून डावा पाय घासून चालतो, हजारदा ओरडलो. हे त्याच्या पायातले बूट आहेत साहेब. पायातले काढून पाठवलेत त्याने."

साहेबाने शिक्का मारला. ताई फोनवर रडली. आळीत सगळीकडे झालं, काय मुलगा आहे, पायातले बूट काढून दिले बापाला! आईने शेजारणीला सांगितलं, शेजारीण मला फोन करून म्हणाली, पोटी यावा तर असा. आणि मी? मी म्हणालो, नाही हो, कसचं काय. आता यात खोटं तरी काय होतं? पायातले काढलेलेच होते! जितकं खरं होतं तितकं जास्त टोचत होतं. जेवताना टोचायचं, शिडीवर टोचायचं, आणि बूट तर पायात नव्हते.

एवढ्यावर संपलं असतं तर मी इथे आलोच नसतो. काही दिवसांनी मलाच बोलावणं आलं. इथल्या कस्टममधून. तुमच्या नावाचं पार्सल अडलंय. गेलो. लांब टेबल, रबरी हातमोजे घातलेला अधिकारी, त्याने खोका उघडला आणि आत... बूट. तेच बूट!

कुणाचे? विचारलं त्याने. म्हटलं, माझ्या बाबांचे. पाठवले कुणी? बाबांनी. बाबांनी स्वतःचे बूट तुम्हाला पाठवले? म्हटलं हो, आधी मी त्यांना पाठवले होते. मग वापरले कुणी? मी. त्याने हातमोजा काढला, डोळे चोळले, हातमोजा परत घातला. फवारणीचा दाखला? होता, बाबांनी आतच ठेवला होता. म्हणाला, हा तिकडे नेताना चालतो, इकडे आणताना नाही. म्हणजे परत फवारणी! इतके स्वच्छ बूट जगात दुसरे नसतील. तिथेच बाकावर बसून राहिलो, संध्याकाळी मिळाले एकदाचे.

मिळाले आणि नीट बघितले. पॉलिश केलेलं. नाड्या नव्या. डाव्या टाचेला चामड्याचा तुकडा लावून घेतलेला. आणि उजव्या बुटात हात घातला तर खळगा नव्हता. बुजवला होता. कापडाच्या चार-पाच घड्या करून, बारीक टाके घालून, अगदी सपाट. टाके सरळ होते सगळे. कितीदा उसवले असतील कोण जाणे.

मी तिथून, त्या कस्टमच्या पायरीवरूनच फोन लावला. म्हटलं आता सांगायचंच.

"बाबा, ते बूट मी तुमच्यासाठीच घेतले होते."

"माहीत आहे."

"नवे होते, बाबा."

"तेही माहीत आहे. खळगा बघितला ना मी, माझ्या कुरुपाच्या बरोब्बर जागी. तुझ्या पायाला कुरूप कधी झालं?"

मग म्हटलं, "मग परत कशाला पाठवलेत?"

"अरे, टाच अर्धी संपवलीस. म्हणजे तुझ्या पायाला बरे वाटत असतील. तू एवढा उभा असतोस हे मला कधी सांगितलंस? माझं काय, मी बसून काम करतो." आणि वर म्हणाले, "आणि हे बघ, फॉर्मवर मी जुने असंच लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. जेवलास का?"

जेवलो म्हटलं. नव्हतो जेवलो. जाऊ दे.

तिथून तडक त्याच दुकानात. तसलीच दुसरी जोडी, तसाच खळगा. दुकानदाराने विचारलं, आणखी कुणाला कुरूप झालं का? म्हटलं, नाही, ते एकच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी मी दारात उभा. पायात जुने बूट, काखेत नवे. डावा पाय मुद्दाम उचलून ठेवत खिडकीपाशी गेलो. बाईंनी चष्मा लावला, माझ्या पायाकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. नवे की वापरलेले? नवे! एवढ्या मोठ्याने म्हणालो की रांगेतली माणसं वळली. बाईंनी तळ उलटा केला, बोट फिरवलं, आरशासारखा. फॉर्मवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, नवे. पूर्ण किंमत लिहिली. ड्यूटी लागलीच तर ती मी ताईकडे पाठवतोय, बाबांना कळू न देता. सही केली. खोटं एक अक्षर...

म्हणजे, आता सांगूनच टाकतो. आदल्या संध्याकाळी खोलीवर आणल्यावर मी ते एकदाच, अगदी एकदाच पायात घालून बघितले. पण कॉटवर बसून! पाय असे वर धरून! जमिनीला लागूसुद्धा दिले नाहीत.

त्याला काही वापरणं म्हणत नाहीत... हो ना?