कमरेखालची चांदी

मंडळी, मला एक सांगा — लाज राखावी कुठं, आणि सोडावी कुठं? हं! खाली बघू नका, उत्तर खाली नाही!

ऐका तर. नदीपलीकडच्या गावात शर्वरी नावाची सून. वय बत्तीस, बँकेत नोकरी, अन् हौसेला मोल नाही! नवऱ्याला सांगून शहरात गेली आणि अंग टोचून घेऊन आली. कुठं? — अहो तात्या, पुढं सरकू नका! कमरेखाली, एवढंच सांगतो. जागा ठाऊक तिला, नवऱ्याला, आणि घडवणाऱ्या देवाला!

टोचणारीनं टायटॅनियमची कडी घातली. बजावलं, "जखम भरेपर्यंत बदलू नका." पण घरात नवरात्र बसलं. शर्वरी म्हणाली, "सणाला ही लोखंडासारखी कडी? शोभते का?" मग सोनं? छे! कमरेखाली सोनं म्हणजे लक्ष्मीचा अपमान! पैंजण चांदीचे, जोडवी चांदीची — तर हीही चांदीचीच!

गेली दिगंबरशेट सोनारांकडे.

"चांदीची बाळी द्या."

"कानात घालायची ना?"

"हो... कानातच!"

झालं! घरी येऊन कडी काढली, बाळी घातली. चौथ्या दिवशी बसवेना, चालवेना, अंगात ताप! सासू गोदाक्का विचारते, "काय गं, पाट टोचतो का?" शर्वरीला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता म्हातारी घर डोक्यावर घेणार! तर गोदाक्का म्हणाली, "माझ्या कपाळावरचं गोंदण काय देवानं काढून पाठवलं? चल डॉक्टरीणबाईंकडे!"

औषध झालं, ताप उतरला. मग दोघी सोनाराकडे, खरी जागा सांगायला. दिगंबरशेट म्हणाले, "पोरी, बऱ्या झालेल्या कानाला चालतं ते ओल्या जखमेला चालत नाही! चांदी काळी पडते, डाक लावून सांधलेला जोड मांसाला घासतो. तुझी पहिली कडीच बरी — गुळगुळीत, सुजेला जागा ठेवणारी. माझ्याकडे तसली मिळत नाही. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की शहरात जा. लक्ष्मीचा मान राखलास, अंगाचा कुणी राखायचा?"

बघा! गिऱ्हाईक घालवलं, पण खरं बोलला. सोनारानंच कान टोचले, मंडळी!

परतताना गोदाक्का हळूच विचारते, "टोचताना फार दुखलं का गं?... नाही, सहज विचारलं!"

हसलात? आता तुमच्याकडे येतो. सोनारापुढं, वैद्यापुढं लाजाल, तर दुखणं घरी न्याल. पण सासवांनो, नवऱ्यांनो — तुमच्यापुढं खरं बोलायला घरच्या बाईला आधी ताप का यावा लागतो? मृदंगवाले, धरा ठेका! आणि आज घरी गेल्यावर जेवायला मागायच्या आधी विचारा — "काय गं, दुखतंय का कुठं?"