एकोणिसावं प्रकरण

हो, तिन्ही सह्या माझ्याच आहेत. नाकारून काय उपयोग, तुम्ही तर तिन्ही पत्रं शेजारी शेजारी मांडूनच बसलात. तुमचे लेखक माझे सख्खे भाऊ, दादाची सही मी चाळीस वर्षं बघतेय, तेवढी तर कुणालाही जमेल. बसा ना नीट, त्या खुर्चीचा उजवा पाय हलतो, तिकडे भार देऊ नका. चिडू नका हो, मी काही फसवायला नाही लिहिलं. तुमच्या त्या वाचकांच्या मंडळातून आधी मास्तरांचं पत्र आलं, की कादंबरीतल्या मुलीच्या अंगात ती बोललं ते खरं होण्याची शक्ती तिच्या मेलेल्या मावशीकडून आली, बरोबर ना? म्हटलं, बरोबर. मग शिंप्याचं आलं, की मावशी कसली, शक्ती त्या बंद कपाटातली. म्हटलं, तुमचंच बरोबर. ज्याला जे हवं ते दिलं, आपल्या बापाचं काय जातं! मला काय माहीत तुम्ही दर रविवारी एकत्र जमून पत्रं वाचून दाखवता म्हणून? आणि तिसरं पत्र एका नर्सबाईंना, ज्यांचं म्हणणं, शक्तीबिक्ती काही नाही, मुलगी बोलते आणि तसं घडतं, तो नुसता योगायोग— अगंबाई. त्या तुम्हीच का? तरीच. तुमचं पत्र माझ्या उशीखाली आहे. खरंच सांगते, चौकटीच्या कागदावर लिहिलेलं, निळ्या शाईत. घडी पडून पडून मधे फाटलंय.

दादा आत आहे. नाही, भेटता नाही येणार— म्हणजे बघता येईल, पण बोलत नाही तो. नऊ महिने झाले. ऐकतो सगळं. काही हवं असलं की डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर चमचा आपटतो, एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे मी. म्हणून उत्तरं मीच लिहिते. नाहीतरी त्याचं सगळं मीच लिहीत आले— लिहीत म्हणजे टाइप करत. कोर्टात टायपिस्ट होते ना मी, एकतीस वर्षं. तो हाताने लिहायचा, कोंबडीने पाय ओढावेत तसं अक्षर, आणि मी संध्याकाळी घरी येऊन टाइप करायचे. प्रकाशकाकडून प्रुफं यायची तीही मीच तपासायचे, कारण एकदा लिहून संपलं की तो त्या गोष्टीकडे ढुंकून बघायचा नाही. छापलेलं पुस्तकसुद्धा उघडायचा नाही. म्हणायचा, कात टाकल्यावर साप ती हुंगत बसत नाही. मोठा साप लागून गेला.

आता तुम्ही विचारणार, की मग कादंबरीत शक्ती कुठून आली ते सांगितलंच का नाही. सांगितलंय. एकोणिसाव्या प्रकरणात. नाही, तुमच्या पुस्तकातलं एकोणिसावं नव्हे, ते विसावं आहे. मधलं एक गळलं. म्हणजे टाइप करताना दोन गठ्ठे एकमेकांत गेले, दिवे गेले होते, मला बरंही नव्हतं— काय बघताय? बरं, नव्हते गेले दिवे. मी काढलं ते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचे आकडे एकेकाने कमी केले, आणि अकरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. उलट लोक खूश! काय गूढ ठेवलंय म्हणे लेखकाने! अहो, गूढ कसलं, टायपिस्टने पानं उडवली.

का उडवली म्हणजे? त्यात एक नऊ वर्षांची मुलगी असते. तिची आई आजारी. आई रात्रंदिवस खोकत असते, एकाच खोलीत सगळे, मुलीला झोप नाही, दुपारी वर्गात डुलकी लागली म्हणून मार खाल्लेला. आणि एका दुपारी ती घरी येऊन आईला म्हणते, मर ना एकदाची. एवढंच. मग हातपाय धुऊन येते, आणि आई गेलेली असते. ही गोष्ट मी जन्मात एकालाच सांगितली होती. पाण्याच्या टाकीमागे बसून, रडून रडून. त्याने डोक्यावर हात ठेवून वचन दिलं होतं, कुणाला सांगणार नाही. आणि तीस वर्षांनी माझ्याच हातात कागद दिले— टाइप कर म्हणून! शब्दन् शब्द तोच. हातपाय धुण्यासकट.

तर मागच्या वर्षी तुमच्या मंडळाचं पहिलं पत्र आलं. दादा हसायला लागला. म्हणाला, काय बावळट आहेत लोक, एकोणिसाव्यात लिहिलंय की ढळढळीत. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचं पुस्तक फळीवरून काढलं. मी इथेच होते, इस्त्री करत. पानं उलटण्याचा आवाज ऐकत होते— पुढे, मागे, परत पुढे. मग तो दारात येऊन उभा राहिला. चोर म्हणाला मला. म्हणाला, आजच सगळ्यांना कळवतो, प्रकरण छापायला देतो, कुणावरून लिहिलंय तेही सांगतो. आणि मी म्हटलं— इस्त्री हातात होती माझ्या— म्हटलं, एक शब्द बोलशील तर बघ. तोंड बंद होवो तुझं एकदाचं.

आणि झालं.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. गोळ्या घेतल्या नव्हत्या त्याने, तीन आठवडे, पाकीट तसंच होतं, मी स्वतः बघितलं. मग? गोळ्यांमुळेच ना? तुम्ही नर्स आहात, तुम्ही सांगा. मी तर रोज सकाळी त्याचं तोंड पुसताना म्हणते, बोल दादा. शंभरदा म्हणते. मला चोर म्हण, काय हवं ते म्हण, प्रकरण छापू, मी पुन्हा टाइप करते, पण बोल. काही होत नाही. म्हणजे माझ्या जिभेत काही नाहीच ना? असतं तर हेही खरं झालं असतं. की वाईट तेवढंच खरं होतं? हे दादाने कुठेच लिहिलेलं नाही हो. मी ती पानं कितीदा वाचली. जाळली नाहीत, जाळवली नाहीत, त्याच्याच गादीखाली आहेत.

म्हणून तुमचं पत्र उशाशी ठेवलं. मास्तर, शिंपी गेले खड्ड्यात— नाही नाही, तसं नाही, बरे आहेत ना दोघं? मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. योगायोग असं म्हणा. म्हणा ना. नक्की? अगदी खात्री? मग असं करू, मी आत्ता तुमच्याबद्दल काहीतरी बोलते. साधंच. म्हणजे समजा मी म्हटलं, की तुमच्या घरी—

हात का वर केलात?

नाही, बोलले नाही अजून. बोलत नाही. बसा ना. पिशवी कशाला उचलली— नुसता योगायोगच ना तो?

बरं. कळलं. तुमचाही दोष नाही.

दोनदा वाजला, ऐकलंत? मला बोलावतोय. निघा तुम्ही. जिना अंधारा आहे, जरा जपून, नाहीतर—

नाही. काही नाही. जा.