उंटावरच्या शिपायांचे चेहरे

डोळ्यांत औषध घातल्यामुळं मेघाला समोरचं धुरकट दिसत होतं. दवाखान्यात तिच्या शेजारी बसलेले दोघे म्हातारे तिला नुसते ऐकू येत होते.

“कडूबा, माझे शिशाचे उंटावरचे शिपाई तू घेऊन जा. रंग, ब्रश, समदंच ने.”

“अन् रविवारी टेबलावर फौजा मांडून लढाई कोणासंगं खेळू, अप्पा?”

“बोटाच्या पेराएवढा शिपाई. त्याचं तोंडच दिसंना मला. रंगवू कसा?”

“निम्मे तर झालेत की.”

“गोरे साहेब रंगवून झाले. त्यांच्या पलटणीतले आपले हिंदी शिपाई राहिले. कपडे रंगवलेत, चेहरे नाय.”

“मग मी रंगवतो.”

“तू? अरे, तू माझा दुश्मन!”

“म्हणून काय झालं? तुझी फौजच नसली, तर माझ्या फौजेनं लढावं कोणाशी?”

अप्पांनी काठी फरशीवर दोनदा आपटलेली मेघाला ऐकू आली.

“समद्यांना एकच रंग नको फासू. कोणी सावळा, कोणी गव्हाळ. घरच्यांनी वळखावं असं तोंड पाह्यजे.”

“व्हय. अन् डोळे?”

“शेवटी. श्वास रोखून.”

“बरं.”

“अन् खेळताना तू लबाडी केली तर? मला कुठं दिसणार?”

“हात लावून बघ. उंट हाताला कळंल का नाय?”

“कळंल.”

“अप्पाराव कोण आहे? आत चला,” नर्सनं हाक मारली.

“कडूबा, ये रविवारी. पण हरलास, तर माझ्या शिपायांचे चेहरे रंगवण्यात वेळ गेला, असं सांगायचं नाय.”