जिन्याची जागा

श्यामकांत : ही रेघ इथे केसाएवढी आहे. त्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ दुप्पट झाली आहे. खालची मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. असं का?

विनया : वरची ऑगस्टमधली आहे, अण्णा. खालची कालची. वर्गात भार्गवजींनी मुद्दाम त्याच कागदावर काढायला लावली.

श्यामकांत : हे कधी काढली त्याचं झालं. मी विचारतोय, का.

विनया : शिसं झिजतं ना. रेघ ओढता ओढता टोक बोथट होतं, मतलब रेघ रुंद होत जाते. म्हणून ओढतानाच पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची. सगळ्या बाजूंनी सारखी झिजली की टोक टिकून राहतं.

श्यामकांत : आणि हे कोणी सांगितलं नाही तर माणसाला आयुष्यभर कळायचं नाही. आण ती पेन्सिल. मला ओढून बघू दे.

(जयपूर, एप्रिल १९६१. भाड्याच्या घराचा व्हरांडा, संध्याकाळ. टेबलावर विनयाचा ड्रॉइंग बोर्ड, त्यावर पिनांनी ताणून बसवलेला कागद.)

विनया : असं नाही, अण्णा. दाबू नका. हात ओढायचा, बोटं फिरवायची. दोन्ही एकदम.

श्यामकांत : तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. ब्युरेटची तोटी एका हाताने थेंबाथेंबाने फिरवली. आणि ही पेन्सिल काही ऐकत नाही.

कुसुम : दिव्यात वात घालायची राहिली, आणि बापलेक पेन्सिल फिरवताहेत. फिरव बाई, फिरवून घे. जूनमध्ये हे रिटायर होतील. मग आपण रेवदंड्याला. तिथे माडांना सावलीतून रेघा ओढायला शिकव.

श्यामकांत : जून अजून यायचा आहे.

कुसुम : हिच्या दुसरीपासून तो यायचाच आहे. मी एक कपाट घेतलं नाही या घरात. का, तर आता जायचंच आहे. पितळेची भांडी ट्रंकेत, गोधड्या ट्रंकेत. या वेळी जून खरंच येणार, आणि हिचं शिक्षण मधोमध तुटणार.

श्यामकांत : मी जायचं म्हटलंय का?

कुसुम : राहायचं तरी कधी म्हटलंत?

श्यामकांत : विनू, एका वर्षाचं काही सर्टिफिकेट मिळत असेल ना?

विनया : नाही. दोन वर्षं पुरी केली तरच ड्राफ्ट्समन. एका वर्षात बस रेघा सरळ होतात.

श्यामकांत : हं.

कुसुम : आता हं म्हणतील आणि चहा मागतील.

श्यामकांत : चहा नंतर. विनू, हे मुलांचं काय सांगत होतीस आईला? काहीतरी नाव ठेवलंय म्हणे तुला.

विनया : मांडणेवाली. इथे बायका दारात गेरू-चुन्याने मांडणे काढतात ना, त्यावरून. पहिल्या महिन्यात एक जण म्हणाला, बहनजी, इथे रांगोळी नाही शिकवत. सगळ्यांना चौकोन काढायला दिला होता. भार्गवजींनी सगळे कागद भिंतीवर लावले आणि विचारलं, कोणाचे चारही कोपरे जुळलेत? बाकीच्यांच्या रेघा कोपऱ्यात एकतर अलीकडे थांबलेल्या, नाहीतर पलीकडे गेलेल्या.

कुसुम : आणि तुझे जुळले.

विनया : तीन. चौथा नाही जुळला. पण त्या मुलाचा एकही नव्हता. आता तोच माझ्याकडे पेन्सिली टोकदार करून घ्यायला येतो.

श्यामकांत : आणि हा बोर्डावरचा नकाशा? हे घर मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय, आणि वाटतही नाही.

विनया : तुमचंच आहे. ट्रंकेतला निळा नकाशा मागितला होता ना मी? भार्गवजींनी सांगितलं होतं, प्रत्येकाने घरातला जुना, फूट-इंचातला नकाशा आणायचा आणि तो मीटरमध्ये काढायचा. आता सरकारी कामात सगळीकडे मीटर आलेत.

श्यामकांत : म्हणजे रेवदंड्याला बांधायचं ठरवलेलं घर. ओव्हरसियरकडून काढून घेतलेलं. पण ते असं नव्हतं.

विनया : नव्हतं. माझ्याकडून आधी एक चूक झाली, त्यातून हे झालं.

श्यामकांत : चूक सांग. चुकीतच खरी गंमत असते.

विनया : तुमचा नकाशा उडालाय, अण्णा. निळ्यावरचे पांढरे आकडे पुसलेत. विहिरीचं अंतर तेवढं वाचता येतं, कारण ते कोणीतरी नंतर शाईने लिहिलंय. घराच्या पुढच्या भिंतीपासून पन्नास फूट, मागच्या स्वैपाकघराच्या पलीकडे. ते मी हिशेबाने मीटरमध्ये केलं. पण घराचे आकडे दिसेनात, म्हणून मी नकाशावर पट्टी लावली. मीटरची नवी पट्टी, एकास शंभरची. आणि मापं वाचून घेतली.

श्यामकांत : जुन्या नकाशाचं प्रमाण काय होतं?

विनया : एक अष्टमांश इंचाला एक फूट.

श्यामकांत : थांब, सांगू नकोस. एका फुटात बारा इंच. एका इंचात आठ अष्टमांश. बारा आठे शहाण्णव. म्हणजे जुना नकाशा एकास शहाण्णव. आणि तू पट्टी लावलीस शंभरची. अरे वा. शहाण्णव आणि शंभर. डोळ्यांना तर काहीच कळणार नाही.

विनया : नाहीच कळलं. सगळं इतकं बरोबर दिसत होतं.

श्यामकांत : चोवीस फुटांमागे एक फूट वाढणार. घर किती लांब होतं? अठ्ठेचाळीस.

विनया : पन्नास फूट झालं. पण विहीर जागची हलली नाही. मी तशीच शीट दिली. भार्गवजींनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, बेटी, तुझ्या आईला स्वैपाक करता करता विहिरीत पाय सोडून बसायची सवय आहे का?

कुसुम : बरंच झालं की. पाणी आणायला बाहेर जायला नको.

विनया : स्वैपाकघराची भिंत बरोब्बर विहिरीच्या कठड्याला टेकली होती. मग त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, नकाशावर पट्टी लावून माप कधी घ्यायचं नाही. कागद आक्रसतो, प्रमाण बदलतं. लिहिलेला आकडा खरा. आकडा नसला तर जाऊन विचारायचं. मला म्हणाले, तुझे पिताजी घरीच आहेत ना? त्यांना का नाही विचारलंस?

श्यामकांत : का नाही विचारलंस?

विनया : तुम्ही तो नकाशा हातात घेतला की गप्प होता, अण्णा.

कुसुम : उत्तर द्या आता.

श्यामकांत : पुढे सांग. चूक कळली. मग परत काढलास.

विनया : परत काढला, नीट शहाण्णवने. सगळं बसलं. विहीर बाहेर गेली. पण या खेपेला भार्गवजींनी उत्तरेचा बाण बघितला. विचारलं, एवढा मोठा व्हरांडा पश्चिमेला? मे महिन्यात तिथे पापड भाजायचेत की माणसं?

श्यामकांत : रेवदंड्याला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो. व्हरांडा दुसरीकडे कुठे असणार?

विनया : मी तसंच म्हटलं. ते म्हणाले, ठीक. मग खाली लिही. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते ना, काढणाऱ्याचं नाव, प्रमाण, तारीख आणि स्थान. चौकट पुरी नसेल तर ते शीट घेत नाहीत, कितीही सुंदर असू दे. मी रेवदंडा लिहायला पेन उचललं, आणि लिहवेना.

श्यामकांत : का?

विनया : मी रेवदंडा दोनदा पाहिलंय, अण्णा. त्यातल्या एकदा मला गोवर होता. मला तिथला वारा आठवत नाही. मला इथली लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, माहीत आहे. कुठल्या खिडकीतून वाळू येते ते माहीत आहे.

श्यामकांत : मग?

विनया : मग मी घर फिरवलं.

कुसुम : पेन्सिल फिरवली, आता घर फिरवलं.

विनया : व्हरांडा उत्तरेला घेतला. पश्चिमेची भिंत जाड केली, खिडक्या लहान आणि उंच, आणि कोठीची खोली त्या बाजूला. ऊन तिने खायचं, आपण नाही. कौलांचं छप्पर काढून टाकलं. इथे दगडाच्या पट्ट्या घालतात छतावर. खोली फार रुंद असली तर पट्टी पुरत नाही, मध्ये गर्डर टाकावा लागतो. म्हणून तुमची मोठी खोली मी थोडी अरुंद केली. राग नका मानू.

श्यामकांत : राग कसला. ही जाड भिंत किती?

विनया : दीड फूट. मतलब, पंचेचाळीस सेंटिमीटर.

श्यामकांत : आणि ही छोटी चौकट भिंतीत?

विनया : आईचं कपाट. भिंतीतच बसवलंय. ते ट्रंकेत जाणार नाही.

कुसुम : बघू. कुठे? हे? एवढुसं?

विनया : एकास शंभर आहे, आई. खरं तर तुझ्यापेक्षा उंच आहे.

कुसुम : बरंय. खण किती आहेत?

विनया : अजून काढले नाहीत.

कुसुम : पाच काढ. खालचा मोठा. पितळेचं तपेलं जायला हवं.

श्यामकांत : विनू, वर सपाट छत म्हणजे गच्ची झाली. उन्हाळ्यात रात्री माणसं गच्चीवर झोपणार. बरोबर?

विनया : हो.

श्यामकांत : मग वर जायचं कुठून? मी मघापासून शोधतोय. जिना कुठे आहे?

विनया : नाही काढला.

कुसुम : म्हणजे गाद्या घेऊन मी शिडीने चढू?

विनया : तुमच्या जुन्या नकाशात नव्हता. कौलांच्या घराला कशाला लागतो? आणि मला येत नाही, आई. जिन्याचं सोपं नसतं. पायरी किती उंच, पाऊल ठेवायची जागा किती, वळताना डोकं कुठे आपटेल. मी एकदा विचारलं होतं भार्गवजींना. म्हणाले, धीर धर, जिना दुसऱ्या वर्षात.

श्यामकांत : दुसऱ्या वर्षात.

विनया : हो.

कुसुम : मी आत जाऊन दिवा लावते.

श्यामकांत : थांब कुसुम. बस जरा. दुर्गापुऱ्याचा प्लॉट आठवतोय तुला?

कुसुम : मास्तरांच्या सोसायटीतला? एकदा टांग्याने गेलो होतो. तारेचं कुंपण, एक खेजडीचं झाड, आणि तुम्ही म्हणालात, बघू.

श्यामकांत : शेजारच्या विहिरीचं पाणी मी तपासलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत. क्षार थोडे जास्त आहेत, पण खारं नाही. डाळ शिजेल.

कुसुम : कधी तपासलंत?

श्यामकांत : दिवाळीच्या सुट्टीत. सायकलवरून बाटली आणली होती.

कुसुम : आणि मला आज सांगताय.

श्यामकांत : पाणी तपासणं वेगळं. मुकुंदाला काय लिहू? भावाने इतकी वर्षं माझ्या हिश्शाची जागा राखली. मी येणार म्हणून.

कुसुम : अहो, मुकुंदभावजी मागच्या वर्षी इथे आले, तेव्हा माझ्याजवळ काय बोलले? वहिनी, त्या जागेत माडाची रोपं लावू का, दादांना विचारून ठेवा. मोकळी जमीन बघवत नाही.

श्यामकांत : हे मला सांगितलं नाहीस.

कुसुम : जेवताना सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू.

श्यामकांत : असं म्हणालो?

विनया : म्हणालात, अण्णा. मी वाढत होते.

श्यामकांत : लावू दे म्हणावं. माड लावले तर निदान कोणाला नारळ तरी मिळतील.

कुसुम : आणि संध्याकाळचा तुमचा समुद्राचा वारा?

श्यामकांत : तो तिथे येत राहील. माझ्यासाठी थांबलेला नाही. तुझं काय म्हणणं आहे? खरं सांग. मी तुला हे कधी विचारलंच नाही.

कुसुम : खरं सांगू? पहिली काही वर्षं रोज वाटायचं, जावं. मासळीचा वास जरी आला तरी डोळ्यांत पाणी. आता भाजीवालीशी भांडायलासुद्धा मला इथलीच भाषा सुचते. तिथे गेले तर भांडणार कशी? मला भिंतीत बसवलेलं कपाट हवं. भिंत कुठली ते तुम्ही ठरवा. पण ठरवा.

श्यामकांत : विनू, शीट कधी द्यायची आहे?

विनया : उद्या सकाळी. सगळं झालंय. चौकटीत नाव लिहिलं, प्रमाण लिहिलं, तारीख लिहिली. एकच जागा कोरी आहे.

श्यामकांत : पेन्सिलने लिहायचं असतं की शाईने?

विनया : शाईने. मग ते खोडत नाहीत.

श्यामकांत : पेन भरलेलं आहे?

विनया : आहे.

श्यामकांत : मग लिही. दुर्गापुरा, जयपूर. आणि इथे, व्हरांड्याच्या कडेला, जिन्याची जागा मोकळी ठेव. तो पुढच्या वर्षी काढ.