ॲप नाव सांगत नाही

कोरोनाच्या टेस्टच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको होते. लांब-लांब उभं राहायचं, त्यामुळे सगळं मोठ्यानेच चाललेलं.

“ॲप म्हणतंय, तू काल रात्रभर पेशंटच्या जवळ होतीस.”

“मी घरात एकटी झोपले होते.”

“मी नाइट शिफ्टला. मग जवळ होतं कोण?”

“ॲपलाच विचार की.”

“ते नाव सांगत नाही. प्रायव्हसी म्हणे.”

“पेशंटची प्रायव्हसी. आणि माझी अब्रू गेली उडत.”

“मी तसं कुठं म्हणालो?”

“काय म्हणालास ते अख्ख्या रांगेने ऐकलंय.”

पलीकडे पेशंटची वेगळी रांग होती. तिथून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला.

“अरे, तो पेशंट मी आहे.”

“शेजारचे काका? तुम्ही बोलला नाहीत.”

“बिल्डिंगभर बोभाटा नको म्हणून गप्प होतो. पण माझ्यापायी हिच्यावर बालंट नको. माझा पलंग तुमच्याच भिंतीला लागून आहे, फोन उशाशी. ॲपला भिंत कुठली दिसायला?”

“म्हणजे आमचं बोलणं ऐकू येतं तुम्हाला?”

“भांडणं येतात. खरं सांगू, बहुतेक वेळा हिचंच बरोबर असतं.”

“काका, पलंग जरा दुसऱ्या भिंतीला घ्या ना.”

“काही हलवू नका काका. आहे तिथेच राहू दे.”